इंजिन केलेली ओम्नी : नऊ महिने, 7,400 किलोमीटर

आमची मारुतीची ओम्नी व्हॅन 1996 ची, कार्बोरेटरवाली. आजऱ्याहून सावंतवाडीला घनसाळ तांदूळ आणि काजू पोचवायची कामं तिच्यावरच. गेल्या वर्षी आंबोलीचा घाट चढताना मागून निळा धूर दिसायला लागला, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल संपायला लागलं, तेव्हा इंजिन उतरवलं. कोल्हापूरला उद्यमनगरात ब्लॉकचा बोअर मारून (सिलिंडरची झिजलेली भोकं कापून सारखी करून) आणला, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) घासला, हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेतला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट सगळं नवं. एकूण 38 हजार गेले. लेथचं काम इतकं चोख होतं की आजवर त्यात बोट ठेवायला जागा नाही.

गाडी मात्र सुरूच होईना. चार दिवस.

सेल्फ (स्टार्टरची मोटर) मारला की इंजिन म्हाताऱ्यासारखं कण्हत अर्धी फेरी फिरायचं. गावातले मिस्त्री म्हणाले, "नवं इंजिन हाय, टाइट असणारच." पटलं. त्यांच्याच सांगण्यावरून नवी बॅटरी घेतली. तरी तेच. तिसऱ्या-चौथ्या सेल्फला आत काहीतरी जळल्याचा वास आला. चोकच्या नॉबला हात लावला तर चटका! चोकची वायर कशाला तापेल, हे कोणालाच कळेना.

संध्याकाळी आमचे मामा आले. एसटीच्या डेपोत आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. त्यांनी फक्त विचारलं, "अर्थिंगची पट्टी कुठाय?" इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी नसेल तर सेल्फच्या करंटला परत जायला वाट राहत नाही. मग तो सापडेल त्या तारेतून जातो, आमच्याकडे चोकच्या वायरमधून गेला. पट्टी नटबोल्टांच्या डब्यात तळाशी पडली होती. मल्टिमीटर लावून बघितलं, तर सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात चार व्होल्ट दाखवत होते. ते अर्ध्या व्होल्टच्या खाली हवेत. मीटर नसेल तर जम्पर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं थेट ब्लॉकला लावा, सेल्फ खणखणीत फिरला तर दुखणं तिथंच. बॅटरी घेण्याआधी मला हे कोणी सांगितलं असतं तर!

पट्टी लावल्यावर इंजिन फडाफडा फिरायला लागलं, पण पेटेना. उलट कार्बोरेटरमधून फाट्‌ फाट्‌ आवाज. प्लगला करंट होता, पेट्रोल येत होतं, कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला जवळपास सारखं. ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढली, तर सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

मिस्त्री अडून बसले होते, "टायमिंगचा मार्क बरोबर हाय, बघा की." आणि तो खरंच बरोबर होता! गोम अशी, की एक नंबरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. पिस्टन वर आल्याचा क्रँकच्या पुलीवरचा मार्क दोन्ही वेळा जुळतो. डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीनं करंट पाठवणारा डिस्ट्रिब्युटर, मात्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. आमचा डेल्को धूर टाकायच्या वेळेवर बसवला होता, म्हणजे बरोबर अर्धा फेरा चुकलेला.

हे पकडायची मामांची रीत साधी. एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवायला लावला. अंगठा आतल्या हवेनं ढकलला गेला, तिथून मार्क जुळेपर्यंत फिरवून थांबलो. डेल्कोचं कॅप काढलं, तर आतला फिरता रोटर एक नंबरच्या वायरीकडे नव्हता, दोन आणि तीनच्या बरोबर मधोमध होता. चार सिलिंडरच्या गाडीत अशा वेळी प्लगच्या वायरी अदलाबदल करून काम भागतं, तिथं रोटर समोरच्याच टोकाकडे असतो. तीन सिलिंडरला ती सोय नाही. डेल्को उपसून, रोटर अर्धा फिरवून परत बसवावा लागतो. दहा मिनिटांचं काम. पुढच्या सेल्फला गाडी सुरू.

त्यानंतर पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर गेलो नाही, माल निम्माच भरला. पाचशेला ऑइल बदललं, हजारला पुन्हा, तेव्हाच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घेतले. आधी अकराचं अ‍ॅव्हरेज होतं, आता भरल्या गाडीला पंधरा पडतं. ऑइलची पातळी दोन बदलांच्या मध्ये जेमतेम हलते. घाटात दुसऱ्या गिअरला रडायची, आता बऱ्याच ठिकाणी तिसऱ्यात निघते. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही.

तक्रारी आहेतच. हेडच्या वरच्या कव्हरचं पॅकिंग पाझरतं, गाडीखाली पुठ्ठा ठेवावा लागतो. सीटखाली इंजिन असल्यामुळे मे महिन्यात बसायची जागा तव्यासारखी तापते, ते इंजिन नवं केलं तरी बदलत नाही. पावसाळ्यात सकाळी आयडलिंग वरखाली होतं, पाच मिनिटांनी सुधारतं.

चोकची वायर अजून तीच आहे. वितळलेल्या कव्हरवर काळी टेप गुंडाळलीय. मिस्त्री आले की तिच्याकडे बघतात आणि चहाचं विचारतात.