पुण्यातून डब्ल्यूएफएमयू ऐकायचं तर प्लेलिस्ट उघडी ठेवून

पुण्यात एफएमवर ९१.१ लावलं की रेडिओ सिटी लागतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत त्याच आकड्यावर डब्ल्यूएफएमयू लागतं. तिथे मोरोक्कोच्या ग्नावा गाण्यामागून साठच्या दशकातलं कंबोडियन रॉक येतं आणि त्यामागून कुणी घरच्या घरी कॅसेटवर भरलेलं काहीतरी. १९५८ साली अप्साला कॉलेजचं केंद्र म्हणून ते सुरू झालं. कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं, केंद्र श्रोत्यांच्या पैशावर टिकलं. जाहिराती नाहीत, बहुतेक डीजे बिनपगारी आहेत आणि काय वाजवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. इंटरनेटवर हे सगळं फुकट ऐकता येतं.

पण नुसता लाइव्ह स्ट्रीम लावून ठेवला तर निम्मी गंमत जाते. इथले डीजे सलग तीन-चार गाणी वाजवतात आणि मग एकदम सगळ्यांची नावं सांगतात. तोवर दुसरं गाणं कुणाचं होतं हे लक्षात राहत नाही. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं शाझाम अ‍ॅपही इथे फारसं कामाला येत नाही, कारण ज्या रेकॉर्डच्या थोड्याच प्रती निघाल्या त्या त्याच्या साठ्यात नसतात. म्हणून केंद्राच्या संकेतस्थळावर त्या कार्यक्रमाचं प्लेलिस्टचं पान आधी उघडावं. कलाकार, गाणं, अल्बम, बहुतेक वेळा लेबल आणि सालसुद्धा, हे सगळं डीजे कार्यक्रम चालू असतानाच तिथे भरत जातो. डीजे बोलत असताना मागे जे हळू वाजत असतं त्याचीही वेगळी ओळ असते. किती केंद्रं एवढी तसदी घेतात! कार्यक्रम संग्रहात गेला की प्रत्येक गाण्यापुढच्या अंदाजे वेळेवर क्लिक करायचं, प्लेअर तिथूनच सुरू होतो. ही वेळ हाताने नोंदवलेली असल्यामुळे मागेपुढे होते. गाणं मधूनच लागलं तर थोडं मागे सरकवावं. ज्या डीजेची निवड पटली त्याची जुनी पानं एकामागून एक वाचत जावीत. जगभरच्या संगीतात शिरायला यापेक्षा चांगली वाट आम्हाला माहीत नाही, आणि ती माणसांनी घालून दिलेली आहे.

सुरुवात कुठून करावी? रॉब वाइसबर्ग यांचा ‘ट्रान्सपॅसिफिक साउंड पॅरडाइज’ घ्या. तिथल्या शनिवारी संध्याकाळी ६ ते ९ ही त्याची वेळ, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे ३:३० ते ६:३०, हिवाळ्यात ४:३० ते ७:३०. अर्थात तो संग्रहातूनच ऐकायचा. लाइव्ह ऐकायचं असेल तर तिथली सकाळ पकडावी: ९ ते १२ ची पाळी उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ६:३० ते ९:३० येते, हिवाळ्यात ७:३० ते १०:३०. घोळ होतो तो घड्याळं बदलताना. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन (तिथल्या एका केंद्राबद्दल पुढे सांगतो) मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्कचा, म्हणजे जर्सी सिटीचाही, हिशेब बदललेला असतो आणि लंडनचा नाही, किंवा उलट. वेळापत्रकही अधूनमधून बदलतं, ते पान पाहूनच गजर लावा.

मुख्य स्ट्रीम १२८ केबीपीएस एमपी३ आहे. तासाला साधारण ५८ एमबी, तीन तासांच्या कार्यक्रमाला १७३ एमबी जातात. मोबाइल डेटावर एवढं सहज परवडतं. स्ट्रीम तुटतो तो बहुधा वेगापायी नाही, नेटवर्क बदलल्यामुळे: घरातलं वायफाय सोडून जिन्यात आलात की फोनचा पत्ता बदलतो आणि जोडणी मरते. द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यांत तर ती जाणारच. व्हीएलसी या प्लेअर अ‍ॅपमध्ये नेटवर्क कॅशिंग, म्हणजे आधीच भरून ठेवलेला आवाज, मुळात १००० मिलिसेकंद असतं, ते १०,००० करा. लहानसहान खंड त्यात खपून जातात, मोठ्या बोगद्याला उपाय नाही. अँड्रॉइडवर पडदा बंद झाल्यावर काही मिनिटांत आवाज थांबत असेल तर दोष केंद्राचा नाही. बॅटरी वाचवण्याची सोय त्या अ‍ॅपला मारते. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. १२८ केबीपीएस बोलण्याला पुरतं, जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांनाही पुरतं, पण ग्नावातले क्राकेब म्हणजे लोखंडी चिपळ्या किंवा ड्रमच्या झांजा त्यात फसफसतात. त्यावर ब्लूटूथ लावलं की आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो. घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर फोनपासून ३.५ मिमी ते आरसीए अशी साधी वायर टाका. फरक लगेच कळेल.

दुसरी उणीव शोधाची. भारतीय नावांची स्पेलिंगं डीजेगणिक बदलतात, तेव्हा पूर्ण नाव न घालता नुसतं आडनाव घालून शोधावं. तसंच, रागसंगीत इथे आलं तर मिश्रणातला एक तुकडा म्हणून येतं. सवाई गंधर्वला बसून विलंबित ऐकणाऱ्या कानाला आलापातून एकदम जपानी नॉइजवर, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या प्रकारावर, जाणं खटकेल. ते खटकणं आम्ही दोष धरत नाही, मात्र ज्याला धरायचं असेल त्याने धरावं.

अशा श्रोत्यासाठी लंडनचं एनटीएस बरं. २०११ मध्ये हॅकनीत सुरू झालेलं हे केंद्र दोन वाहिन्या चालवतं, कार्यक्रम बहुधा एक-दोन तासांचे, आणि शैलीनुसार शोधायची सोय फारच चांगली. अ‍ॅपही डब्ल्यूएफएमयूपेक्षा सुबक. मात्र तिथले कार्यक्रम बेतून आखलेले वाटतात. डीजे भलतीकडे वाहवत गेला आणि त्यातून काहीतरी अफाट हाती लागलं, हे जर्सी सिटीतच जास्त घडतं.

वर्षातून एकदा, साधारण मार्चमध्ये, डब्ल्यूएफएमयूची मॅरेथॉन असते. तेव्हा डीजे गाण्यांच्या मध्ये बराच वेळ पैसे मागतात, म्हणून नव्या श्रोत्याने त्या दिवसांत सुरुवात करू नये. पैसे मात्र जरूर द्यावेत. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. दरमहाच्या कपातीत भारतीय कार्डं अडखळतात, तेव्हा एकरकमी द्या. टी-शर्टचा पर्याय दिला तर तो नाकारा: टपालखर्च केंद्राच्या माथी पडतो आणि कस्टम तुमच्या.