जलपर्णीवरचा गोबरगॅस: आठ महिन्यांचा अनुभव, आणि तो ४ इंची पाइप

सोमवारी प्लँटात शेण सोडायचा पाइप तिसऱ्यांदा तुंबला, म्हणून लिहायला बसलो.

प्लँट २ घनमीटरचा, तरंगत्या टाकीचा, म्हणजे गॅस साठणारी टाकी शेणकाल्यावर तरंगते. त्याला रोज ५० किलो शेण हवं. कोठ्यात जनावरं तीन, शेण जेमतेम ३० किलो. इकडे गावतलाव जलपर्णीनं असा झाकलाय की ढिवरांचा डोंगा पुढे सरकत नाही. म्हणून पोळ्यापासून शेणात जलपर्णीची भर घालतोय.

पहिल्यांदा अख्खीच ढकलली. देठ फुगीर, आत हवा, बुडेचना. वर वीतभर थर धरला आणि मुळ्यांच्या जटा पाइपात अडकल्या. ऐन दिवाळीत फराळ चुलीवर करावा लागला. मिस्त्री म्हणतो, "शेणासाठी बांधला, कचऱ्यासाठी नाही." अहो, सुकं शेण नीट कालवलं नाही तर या ४ इंची पाइपात तेही अडकतं! ६ इंची टाकायला किती जास्त लागले असते? बांबू घालून कोपरापर्यंत रबडीत (शेणाच्या पातळ काल्यात) हात मी घालतो, तो नाही.

तेव्हा सगळं बंदच करणार होतो. पण मुळ्या छाटून पाहिल्या आणि मत बदललं. आता देठ-पानांची कुट्टी मशीनवर इंचभर कुट्टी करतो, दोन दिवस उन्हात टाकतो (९० टक्क्यांवर तर पाणीच असतं), मग चार दिवस शेणकाल्यात भिजवतो. देठ बोटांत चुरगळला की आत सोडायचं. रोज सकाळी टाकी हातानं गोल फिरवतो, आतल्या पट्ट्या थर फोडतात. पक्क्या, न हलणाऱ्या घुमटाच्या प्लँटात ही सोय नाही, म्हणून जलपर्णी घालणाऱ्यानं तरंगती टाकीच घ्यावी.

पूस-माघात गॅस अर्ध्यावर आला होता, पण तो थंडीमुळे. जीवाणूंना ऊब लागते. आता दोन्ही वेळचा स्वयंपाक निघतो. महिन्यात संपणारा सिलिंडर तीन महिने पुरतो. घरात याचंच सगळ्यात मोठं समाधान आहे.

एक मात्र पाळतो. वैनगंगेतली जलपर्णी फुकट, हवी तेवढी मिळते, तरी आणत नाही. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला येतं. ही वनस्पती पाण्यातले जड धातू ओढून घेते आणि आमची रबडी शेवटी धानाच्या बांधीत जाते.

सोमवारी अडकलेलं काय, तर पोरानं घाईत न छाटलेली एक मुळी. एका मुळीनं तुंबतो तो पाइपच चुकीचा. मृगाआधी फोडून ६ इंची बसवतोय, दुसऱ्या मिस्त्रीकडून.