सापाची पेटी: उभी घ्यायची की आडवी?

नवीन बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक (दोन्ही परदेशी, बिनविषारी साप) आणलेल्या दोन-तीन जणांनी हेच विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आधी एक स्पष्ट करतो, धामण, कवड्या, नाग, आपला अजगर असले इथले साप पाळायचा विषयच नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि बॉल पायथन असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी उरकून घ्या. आता पेटी.

मी सांगलीत राहतो आणि दोन्ही वापरून झालेत. पहिली होती काचेची उभी टाकी, फिश टँकवाल्याकडनं करून घेतलेली, दीड बाय दीड फूट आणि उंची अडीच. दिसायला एक नंबर, हॉलच्या कोपऱ्यात बसली की जागाच खात नाही, पाहुणे आले की आधी तिकडंच बघायचे. दुसरी आत्ताची, प्लायवूडची आडवी, चार बाय दोन बाय दोन, पुढं दुकानातल्या शोकेससारख्या दोन सरकत्या काचा.

उभ्या टाकीचा खरा ताप म्हणजे झाकण. वर जाळीचं झाकण, झाकणावर दिवा, आणि साप रात्रभर नाकानं ढुसण्या देतो म्हणून दोन्ही कडेला वजन, माझ्याकडं एका बाजूला आईचा जुना वरवंटा आणि दुसऱ्या बाजूला अर्धी वीट असायची. आता पाण्याचं भांडं बदलायचंय, साधं भांडं, तर दिवा बंद करा, तो गरम असतोय म्हणून फरशीवर ठेवा, वरवंटा उतरवा, वीट उतरवा, जाळी काढून भिंतीला टेकवा आणि मग काखेपर्यंत हात आत घाला. एवढं दर दोन दिवसांनी. बरं, सापाच्या बाजूनं बघा, डोक्यावरनं काहीतरी मोठं खाली येतंय म्हणजे त्याच्या हिशेबानं घार-गरुडच की. माझा बॉल पायथन प्रत्येक वेळी मुंडकं वेटोळ्यात घालून गच्च चेंडू व्हायचा. पुढं त्यानं सलग चार वेळा उंदीर नाकारला. झाकणामुळंच नाकारला असं मी छातीठोक म्हणणार नाही, थंडीत बॉल पायथन तसेही खाणं सोडतात, पण आडव्या पेटीत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यानं खाल्लं आणि आता समोरनं काच सरकवली तर जीभ काढत बघत बसतो, एवढं खरं.

दुसरं म्हणजे ऊब. सापाला एक बाजू गरम, ३१-३२ डिग्री, आणि दुसरी २५-२६ च्या आसपास लागते, म्हणजे सरकायला लांबी पाहिजे. उभ्या टाकीत गरम हवा वरच राहते, तळ थंडच, आणि दिव्याचा वॅट वाढवला की ओलावा जातो आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. आमच्याकडं मे महिन्यात मात्र उलटं होतंय, बाहेरच चाळिशी गाठते, तेव्हा दिवा बंदच असतो आणि प्लायची पेटी कोंदट वाटते, त्या दिवसांत काच बरी होती हे मान्य. पण हिवाळ्यात लाईट गेली की प्लाय ऊब धरून ठेवते, काच लगेच गार पडते.

आडवीत खोड नाही असं नाही. चार फूट भिंत जाते. काचेच्या ट्रॅकमध्ये तळाला अंथरलेला नारळाचा भुस्सा अडकून करकर वाजतो, दर आठवड्याला जुना टूथब्रश फिरवावा लागतो. दोन काचांच्या मधली फट पिल्लाला पुरते, कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतंय, तिथं पारदर्शक पट्टी लावाच. आणि शोकेसचं लॉक विसरू नका, मी एकदा विसरलो, सकाळी साहेब मिक्सरच्या मागं सापडले, आई दोन दिवस बोलली नाही.

झाडावरचा साप, म्हणजे ग्रीन ट्री पायथन वगैरे असेल तर उभीच घ्या, त्यात वादच नाही. बॉल पायथन चढत नाही म्हणतात, माझा रात्री दीडला फांदीवर असतो, पण त्याला दोन फूट उंची भरपूर होते. बाकी आत लपायला फुटक्या माठाची खापरी पुरते, शिराळ्याला नागपंचमीसाठी नाग मडक्यातच ठेवायचे ते काय उगीच नाही, अंगाला सगळीकडनं टेकणारी अंधारी जागा मिळाली की साप निवांत. खापरीची कड तेवढी घासून घ्या.

वजनाचंही बघा. २०१९ च्या पुरात साप उशीच्या अभ्र्यात घालून वर नेला, पण ती काचेची टाकी दोघांना जिन्यात वळवता येईना, खालीच राहिली.

उभी टाकी आधीच घेतली असेल तर फेकू नका. आडवी पाडा, उघडं तोंड समोर येईल, तिथं खाली चार-पाच इंच काचेची पट्टी सिलिकॉननं चिकटवा म्हणजे भुस्सा सांडणार नाही, आणि वर फ्रेम करून दार बसवा. पिल्लाला वर्षभर चालून जाते. मला हे सुचलं तोवर उशीर झाला होता, पुराचा गाळ धुतल्यावर आईनं ती टाकी ताब्यात घेतली आणि आता त्यात कोथिंबीर येते.