स्केल चेंजर पेटी: पाडवा ते संक्रांत

आधी कबुली देते. ही पेटी, म्हणजे स्केल चेंजर हार्मोनियम, मी घेतली ती शिकावं लागू नये म्हणून.

डोंबिवलीत आमचं अकरा बायकांचं भजनी मंडळ आहे. सत्यनारायण, एकादशी, श्रावणातले सोमवार, गणपतीत तर एका संध्याकाळी तीन-तीन घरं. मानधन म्हणजे खण-नारळ, एखादं पाकीट आणि जिथे जाऊ तिथला चहा. पेटी वाजवणाऱ्या काकू दोन वर्षांपूर्वी लेकाकडे पुण्याला गेल्या आणि शाळेत असताना दोन वर्षं पेटी शिकलेली एकटी मी उरले. मला सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवता यायचं. म्हणजे पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) हा सा, पुढे सगळ्या पांढऱ्या, विषय संपला. पण आमच्या मुख्य गाणाऱ्या ताई काळी चारात गातात, म्हणजे त्यांचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर येतो. माई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आवाज भारदस्त, त्यांना काळी दोनच लागते. (गाणारीचा सा ज्या उंचीवर असतो ती पट्टी आणि बोटाखाली असतात त्याही पट्ट्या, या एका शब्दाने मला पहिले सहा महिने छळलं.)

दुकानदाराने ओळखलं की गिऱ्हाईक तयार आहे. त्याने पेटीच्या दोन्ही बाजूंच्या पितळी मुठी धरल्या, पट्ट्यांची अख्खी चौकट जराशी उचलून सरकवली आणि पुढच्या खाचेत बसवली. "बोटं तीच ठेवा, पट्टी बदलते." मधल्या खाचेपासून चार घरं खाली, चार घरं वर, अशा नऊ पट्ट्या. बोटं पांढऱ्यांवरच, आतून मात्र काळी चार वाजतेय. मी तिथेच पैसे मोजले.

साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज-नर-मादी (जाड, मधले, बारीक) असे तीन ओळींचे सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा, कपलर, झाकणासकट वजन १७ किलो. किंमत ३८,५०० रुपये. बिलावर सागवान लिहिलंय आणि बाहेरची पेटी आहेही सागवानाची. आतली सरकती चौकट कशाची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पहिले तीन महिने मी खूश होते. खर्जाचे सूर भरीव आहेत, हॉलमध्ये माईक नसला तरी अकरा जणींच्या टाळांतून पेटी ऐकू येते. भाता हलका, एकदा भरला की एक ओळ निवांत निघते. कपलर लावला की एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबली जाते. गजराला रंग भरतो, पण हवा दुप्पट खातो आणि डावा हात भरून येतो. मी अभंग चालू असताना तो बंदच ठेवते. मुलाकडून पट्ट्यांवर सा रे ग म चे स्टिकर लावून घेतले होते. साध्या पेटीवर असे स्टिकर लावून उपयोग नसतो, कारण पट्टी बदलली की सा दुसरीकडे जातो. माझा सा कुठेच जात नव्हता.

तक्रार एकट्या तबलेवाल्या मुलाची होती. कॉलेजात शिकतो, आम्हाला सगळ्यांना काकू म्हणतो. त्याचं म्हणणं, तुमची पेटी सरकते, माझा तबला सरकत नाही. हातोडीने ठोकून तबला अर्धा-एक सूर वर-खाली होतो, त्याहून जास्त ताणला तर शाई-चामडं दोन्ही रुसतात. तो एकच तबला आणतो, काळी चारात लावलेला. मग माईंच्या अभंगाला काय करतोस, असं मी कधी विचारलंच नाही. ते उत्तर मला आषाढीला मिळालं.

आषाढी एकादशी, एका सोसायटीचा हॉल, बाहेर धो धो पाऊस. पेटी रिक्षातून आणताना प्लास्टिक गुंडाळलं होतं, पण आठवडाभर हवाच ओली होती. माईंचा अभंग झाला, काळी दोनात. पुढचा ताईंचा. मी मुठी धरल्या, चौकट उचलली आणि ती हललीच नाही. जोर लावला तशी अर्धवट तिरकी झाली आणि एक पट्टी दाबली की शेजारची पण कण्हायला लागली. कशीबशी पुन्हा जुन्या खाचेत बसवली. म्हणजे आता माझी पांढरी एक काळी दोन म्हणून वाजणार, आणि ताईंना हवी काळी चार. समोर साठ-सत्तर माणसं, ताई माझ्याकडे बघतायत.

तबलेवाला वाकून हळूच म्हणाला, "काकू, मध्यमाला सा धरा."

हिशेब बरोबर होता. मध्यम म्हणजे म, सा पासून चौथा सूर, आणि काळी दोनाचा मध्यम म्हणजेच काळी चार. माईंच्या अभंगाला तो तबला का बदलत नाही तेही यातच होतं, त्याचा तबला माईंच्या मध्यमात बोलत होता. मी म चा स्टिकर असलेल्या पट्टीवर, पांढरी चारवर, सा धरला आणि पुढे सवयीने पांढऱ्या-पांढऱ्या वाजवत गेले. सा बरोबर. रे बरोबर. ग बरोबर. मध्यम आला आणि ताईंचा चेहरा कडू कारलं चावल्यासारखा झाला. दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच. प्रत्येक मध्यमाला त्या एक गात होत्या आणि पेटी भलतंच. शेवटी मी ती पट्टी वाजवायचीच सोडली आणि अख्खा अभंग मध्यमाशिवाय ओढला. लोकांना फार कळलं नसावं. माईंना कळलं. घरी जाताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "आज पांडुरंगाला तीव्र मध्यम ऐकवलास."

पेटी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला दिली. पेटीवाल्या काकांनी वरची फळी काढली आणि चौकटीच्या कडेवर नख रोवून दाखवलं. प्लायवुड. पावसाळ्यात फुगून दोन्ही बाजूंना घासत होतं. त्यांनी कडा पॉलिश पेपरने घासल्या, वर साधी मेणबत्ती चोळली, वाकलेल्या दोन खिट्ट्या सरळ केल्या, एका सुराच्या जिभेखाली अडकलेलं कसलं तरी कूस कागदाच्या चिठोऱ्याने काढलं. १,२०० रुपये. दुकानात विचारलं तर वॉरंटी सुरांना आहे, चौकटीला नाही. ते बिलाच्या मागे छापलेलंही आहे, वाचायला भिंग लागतं. काकांचा सल्ला असा: पावसाळ्यात चेंजर एका खाचेत बसवून ठेवा, वाजवून झाल्यावर पेटी तासभर उघडी राहू द्या, आत डांबराच्या गोळ्या ठेवा म्हणजे भात्याच्या चामड्याला कसर लागणार नाही.

पेटी नऊ दिवस त्यांच्याकडे होती आणि दोन कार्यक्रम तोंडावर आलेले. सासऱ्यांची जुनी पेटी माळ्यावरून काढली. सरकणं नाही, कपलर नाही, दोन ओळींचे सूर, भात्याला एक ठिगळ. त्या पेटीवर काळी चार म्हणजे काळी चारच. तेव्हा पहिल्यांदा मी रविवारी शेजारच्या गल्लीतल्या सरांच्या क्लासला जाऊन बसले, दहा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये. ती प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची तयारी करत होती.

सरांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर बारा रेघा मारल्या. सा पासून वरच्या सा पर्यंत बारा घरं, काळी-पांढरी असा भेद विसरा, सलग मोजा. शुद्ध सप्तक म्हणजे दोन घरं, दोन घरं, एक, मग दोन, दोन, दोन, एक. बस. सा कुठेही धरा, एवढंच मोजायचं. काळी चारपासून मोजलं तर काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच. मी बोटाने मोजत गेले आणि खरोखर सा रे ग म प ध नी निघाले. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला एवढा आनंद व्हावा का, असं शेजारच्या पोराला वाटलं असावं.

मग मी आषाढीचा प्रसंग सांगितला. सर हसले आणि म्हणाले, तुम्ही कल्याण थाट वाजवलात. थाट म्हणजे राग ज्यात बसवतात तो सात सुरांचा साचा. पांढरी चारपासून नुसत्या पांढऱ्या वाजवल्या की चौथा सूर अर्धं घर नव्हे, आख्खं एक घर वर पडतो, तोच तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम हवा असेल तर तिथे काळी पाच घ्यायची. म्हणजे माझ्या त्या संध्याकाळच्या अब्रूचं मोल एक काळी पट्टी होतं.

पुढची गंमत त्यांनी न सांगता माझ्याकडून काढून घेतली. पांढऱ्यांवरच राहायचं, फक्त सा पुढे सरकवायचा. पांढरी एकपासून बिलावल. दोनपासून ग आणि नी कोमल होतात, म्हणजे एकेक घर खाली येतात, तो काफी. तीनपासून भैरवी. चारपासून माझा बदनाम कल्याण. पाचपासून खमाज. सहापासून आसावरी. सातपासून सुरुवात केली तर पंचमच (प) जागेवर येत नाही, म्हणून ते दार बंद. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची मांडणी दहा थाटांत केली, त्यातले सहा माझ्या आळशी पांढऱ्या पट्ट्यांत पडून होते आणि मी इतकी वर्षं त्यातला एकच वाजवत होते. भैरव, मारवा, पूर्वी, तोडी या चौघांना मात्र काळ्या लागतातच. एका रात्री मी घरी ओळीने सहाही वाजवले. काफीला आल्यावर नवरा आतून म्हणाला, हे बरं वाटतंय. कल्याणाच्या वेळी त्याने दार लावून घेतलं होतं, पण तेव्हा बातम्या चालू होत्या, म्हणून मी राग धरला नाही.

तालाचं शिक्षण फार झालं नाही. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहांचा, हे मांडीवर हात मारून पक्कं केलं. बाकी तबलेवाल्यावर सोडलंय.

सुरांबद्दल एक सांगायला हवं, विकत घेताना हे कुणी सांगत नाही. मोबाइलवर तानपुरा लावून पेटीचा गंधार (ग) लांब धरून बघा. मला तो किंचित टोचला. वाटलं सूर बिघडलाय, पेटीवाल्या काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं, बिघडलेला नाही, तो तसाच असतो. पेटीत सप्तकाचे बारा भाग अगदी सारखे केलेले असतात, प्रत्येकी १०० सेंट (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर येतो आणि तानपुऱ्याच्या खर्जातून जो आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. पंचमात फरक नावापुरता, गंधारात कानाला लागेल इतका. शिवाय पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येत नाही. याच कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर काढलं होतं, ती बंदी १९७० च्या सुमारास सैल होऊ लागली. आमच्या भजनात अकरा जणी मिळून जो गंधार लावतात त्यापुढे चौदा सेंटांचं दुःख करण्यात अर्थ नाही. पण एकटीने रियाज करताना मी आता गळा तानपुऱ्यावर लावते, पेटीवर नाही.

कार्यक्रमातल्या वापराचे दोन त्रास. पहिला वजनाचा. आमच्या अर्ध्या इमारतींना लिफ्ट नाही आणि १७ किलो घेऊन तिसरा मजला म्हणजे वर पोचल्यावर पहिला अभंग धापा टाकत. झाकणाची कडी नवव्या महिन्यात निखळली. दुसरा माईकचा. मंडपवाले माईक भात्याच्या बाजूला ठेवतात, मग स्पीकरमधून फुस्स-फुस्स ऐकू येतं. माईक वरच्या जाळीच्या बाजूला, वीतभर लांब ठेवायला सांगा.

तर घ्यावी का? रोज नवनव्या गाणाऱ्यांना साथ करणाऱ्या, ज्याच्याकडे दर गाण्याला पट्टी बदलून मागतात अशा साथीदाराला चेंजर उपयोगी आहेच, आणि त्याने चौकट कशाची आहे ते आधी उघडून बघावं. आमच्यासारख्या मंडळाला मी साधी, दोन ओळींची पेटी सांगेन. त्याच दुकानात ती १५ हजारांच्या आत होती आणि निम्म्या वजनाची. सर म्हणतात चेंजर वाईट नाही, नवशिक्याच्या हातात वाईट. मला ते पटतं, पण ३८,५०० देऊन बसल्यावर पटलं.

स्टिकर दिवाळीत काढले. नेलपॉलिश रिमूव्हरने डिंक निघाला, पण सा च्या जागी एक पिवळट चौकोन राहिलाय. चौकट तेव्हापासून मधल्या खाचेत आहे.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंचा घसा बसला होता. अभंग सुरू व्हायच्या आधी त्यांनी बोट खाली करून अर्धा सूर उतरवायची खूण केली. म्हणजे एक घर खाली, पांढरी पाच. तबलेवाल्याने हातोडी काढली, मी मुठींना हात लावला नाही. पाच, सहा, सात, एक, दोन, तीन, आणि नी काळी तीनवर. तो नी माझा दोनदा चुकला.