मातीचा ओव्हल आखलाय, आता नियम कुठले घ्यायचे?

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी पडीक तुकडा सपाट केला, चुन्यानं दोन वळणं आखली, कडेला जुने पाइप टाकले की ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, तयार होतो. वाद सुरू होतात ते त्यानंतर. पहिल्या रांगेत कोण उभं राहणार, आणि कुणाची मोटर जास्त पळते? खानापूर रस्त्याला मित्राच्या शेतात आम्ही दोन हंगाम या दोनच प्रश्नांवर भांडलो. आता निपाणीकडची काही पोरं असाच ट्रॅक काढायच्या बेतात आहेत आणि विचारतायत, कुठले नियम घेऊ? गाड्या आमच्यासारख्याच, एक दशांश मापाच्या, विजेवर चालणाऱ्या. शर्यत नेहमीप्रमाणं डावीकडं वळत.

आधी क्वालिफाइंग, म्हणजे मेन शर्यतीत कोण पुढं उभं राहणार ते ठरवणं. एक पद्धत वेळेची. अशा गाड्यांच्या शर्यतींत ही जुनी, मुरलेली आहे. चार-पाच मिनिटं गाडी पळवायची, वेळ संपला की चालू असलेली लॅप, म्हणजे ट्रॅकचा वळसा, पुरी करायची. 4 मिनिटं 3 सेकंदांत 48 लॅप करणारा 4 मिनिटं 5 सेकंदांत 48 लॅप करणाऱ्याच्या वर. पण 47 लॅपवाला कितीही लवकर थांबला तरी खालीच. एका वेळी पळणारा गट म्हणजे हीट, सगळ्या हीट्स एकदा झाल्या की एक फेरी. सगळ्या फेऱ्यांतली ज्याची त्याची सर्वांत चांगली नोंद धरायची आणि त्यावर मेन, म्हणजे शेवटच्या निकालाच्या, शर्यतीच्या रांगा लावायच्या.

ऐकायला यापेक्षा न्याय्य काही नाही. कार्पेट अंथरलेल्या ट्रॅकवर तो न्याय टिकतो, मातीवर टिकत नाही. आमची माती जांभ्याची, तांबडी. दुपारी तीनला झारीनं पाणी मारलं की पहिली वीस मिनिटं ती चाकाला लोण्यासारखी चिकटते, गाडी जड होते. मग आतल्या बाजूनं एक काळपट, तुळतुळीत पट्टा उमटतो. त्यावर टायर असा धरतो की वेग कमी न करता वळण घेता येतं. पाऊण तासानं पट्ट्याबाहेर पीठ झालेलं असतं आणि बारीक खडे वर येतात. एकच गाडी, एकच चालवणारा, पण या तीन वेळांत लॅपमागं अर्ध्या सेकंदाचा फरक आम्ही डोळ्यांनी बघितलाय. गेल्या डिसेंबरात आमच्यातला सगळ्यांत हुकमी गाडी चालवणारा पोरगा पहिल्या हीटमध्ये ओल्या मातीवर उतरला, दुसऱ्या फेरीत त्याची बॅटरीची वायर सुटली, आणि तो थेट बी मेनमध्ये, म्हणजे खालच्या गटाच्या मेन शर्यतीत, गेला. नियमानं सगळं बरोबर होतं. पण त्या दिवशी घरी जाताना कुणालाच बरं वाटत नव्हतं.

यावर उतारा म्हणजे फेरीनिहाय गुण. प्रत्येक फेरीत फक्त क्रम बघायचा. पहिल्याला 0, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 3, असं पुढं. तीन फेऱ्यांतल्या चांगल्या दोन धरायच्या, कमी गुणवाला पुढं. मग पहिल्या फेरीतल्या ओल्या मातीची तुलना तिसऱ्या फेरीतल्या सुक्या मातीशी होतच नाही. एक खोट उरते, एकाच फेरीत पहिल्या आणि शेवटच्या हीटमध्ये माती बदलते ती. म्हणून एका फेरीच्या हीट्स लागोपाठ काढाव्यात आणि पाणी मारायचं ते फक्त दोन फेऱ्यांच्या मधे.

पण या दोन्ही पद्धतींना यंत्र लागतं. प्रत्येक गाडीत तिची ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर, फिनिश रेषेखाली पुरलेली तारेची लूप, ती वाचणारा डिकोडर आणि लॅपटॉप. पाच सेकंदांची लॅप आणि सहा गाड्या असताना वहीत रेघा मारून चार मिनिटांचा हिशेब लागत नाही. आम्ही करून बघितलंय. दोन वह्यांचे आकडे एकदाही जुळले नाहीत.

दुसरी पद्धत थेट हीटची. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या, सगळ्यांना एकदम सोडायचं, पंधरा लॅपची शर्यत, जो ज्या क्रमानं आला त्याचे गुण. दुसऱ्या फेरीत रांग उलटी करायची, पहिला शेवटी. मागून येऊन जितक्या गाड्या ओलांडल्या त्याचे वेगळे गुण. पॅसिंग पॉइंट्सची ही रीत अमेरिकेतल्या खऱ्या मोठ्या गाड्यांच्या मातीवरच्या शर्यतींतली आहे. इथं घड्याळ लागत नाही. गाडीमागं लॅप मोजणारा एक माणूस आणि रेषेवर क्रम बघणारा एक, एवढं पुरतं. पंधरा लॅप माणसाला मोजता येतात. तोटा असा की पहिल्या वळणावर गर्दी होते, बॉडी फुटतात, आणि चिठ्ठीचं नशीब पूर्ण जात नाही. वळणावर कडक माणूस उभा पाहिजे, जो धक्का देणाऱ्याला मागं पाठवेल, मग तो गाडी मालकाचा भाऊ का असेना.

माझं मत स्पष्ट आहे. लूप नसेल तर थेट हीटची पद्धत घ्या. लूप असेल तर फेरीनिहाय गुण घ्या. मातीवर निव्वळ सर्वोत्तम वेळ धरू नका. लागोपाठच्या तीन वेगवान लॅपचा हिशेब सरावात घ्यावा, तोही गट पाडण्यापुरता. गावच्या मैदानात कुस्तीची जोड लावतात तसा. बरोबरीचे एकत्र पळाले की अपघात कमी होतात.

आता गाडीचे नियम. एकीकडं बॉक्स क्लास, म्हणजे गाडी खोक्यातून निघाली तशी. तिकडच्या कितीतरी मातीच्या ट्रॅकवर 2008 ला आलेल्या ट्रॅक्सस स्लॅश या गाडीवर असे क्लास चालतात. तिची 12 टर्नची, 550 मापाची ब्रश मोटर, मूळ गिअर, मोटरचा वेग सांभाळणारा मूळ कंट्रोलर. दुसरीकडं 17.5 टर्नची ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर आणि ‘ब्लिंकी’ कंट्रोलर. यात मोटरला जादा वेग देणारं इलेक्ट्रॉनिक टायमिंग बंद असतं आणि ते बंद आहे हे दिव्याच्या उघडझापीवरून कळतं. टर्न म्हणजे तारेचे वेढे, कमी वेढे म्हणजे जास्त वेग. मात्र ब्रशच्या 12 ची ब्रशलेसच्या 17.5 शी तुलना करू नका, ती मोजमापं वेगळी आहेत.

ब्रश मोटर स्वस्त, पण तांबडी धूळ आत जाते, ब्रश झिजतात आणि चार महिन्यांत एकसारख्या दोन मोटरी एकसारख्या राहत नाहीत. 17.5 जास्त टिकते, सगळ्यांची ताकद जवळपास राहते, पण एकदम खर्च येतो. आठच जण असाल तर बॉक्स क्लास, आणि तो एकच. आठ जणांचे दोन क्लास केले तर चार गाड्यांची शर्यत उरते आणि बघायलाही कुणी थांबत नाही. डझनभर गाड्या झाल्या की 17.5 कडं जा.

कुठलाही क्लास घेतला तरी टेबलावर तपासता येईल तेवढंच लिहा. बॅटरी टणक कवचाची दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), सुरुवातीच्या आधी मल्टिमीटरवर 8.40 व्होल्टच्या वर नको. कमीत कमी वजन ठरवा आणि दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) यांचे दात ठरवून द्या. दात कुणालाही मोजता येतात, आणि गिअर बांधला की अर्धी चलाखी तिथंच संपते. डाव्या बाजूला किती वजन, उजवा मागचा टायर किती मोठा, हे ज्याचं त्याला करू द्या. गाडी वळवण्याची खरी अक्कल तिथंच लागते.

टायर मात्र सगळ्यांना एकच. जांभ्याचे खडे टायरचे दाणे खातात, आणि मोकळीक दिली की दर रविवारी नवा जोड आणणारा जिंकतो. हंगामाला दोन जोड, प्रत्येकावर रंगाचा ठिपका, टायरला पकड वाढवणारा मसाला लावायला बंदी. गोकाक, बैलहोंगलकडं ट्रॅक काढणार असाल तर काळी माती ओली असताना चाकाला गोळे धरते आणि वाळली की भेगाळते. तिकडं वर तांबड्या मातीचा थर टाकल्याशिवाय टायर निवडू नका.

राहिली मोटर उघडून बघायची गोष्ट. ती आम्हाला जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही. त्यासाठी क्लेमचा नियम घ्या. अमेरिकेतली इम्का ही खऱ्या मोठ्या गाड्यांच्या शर्यतींची 1915 ची संघटना. तिनं 1979 ला मॉडिफाइड गाड्या सुरू केल्या तेव्हा हाच मार्ग काढला. ठरलेली रक्कम टेबलावर ठेवली की जिंकणाऱ्याचं इंजिन हरणाऱ्याला विकत घेता यायचं. आमच्याकडं रक्कम नव्या मोटरीच्या किमतीएवढी. शर्यत संपल्यावर दहा मिनिटांत मागायची, आणि नाही म्हणणाऱ्याचे त्या दिवसाचे गुण जातात. दोन हंगामांत एकदाच कुणी मागितली, आणि देणाऱ्यानं तिथंच स्क्रू काढून हातात दिली.