लिनक्स मिंट 22 बाहेरच्या एसएसडीवर: वापरायला उत्तम, टाकताना एका जागी सांभाळा

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. इंदुरात रामबाग असो की सुदामानगर, घरात चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचा लॅपटॉप असेल, तर तो विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. आतल्या डिस्कवरचे फोटो, टॅलीचे हिशेब जागच्या जागी ठेवून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, वापरून पाहायची, तर बाहेरची एसएसडी हाच बरा मार्ग. मिंटच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला 2.5 इंची साटा एसएसडी आणि यूएसबी 3.0 चं केसिंग घ्या. मिंटला किमान 20 जीबी जागा लागते, 100 सुचवलेली आहे. 240 ची डिस्क निवांत पुरते. पेनड्राइव्ह फक्त इन्स्टॉलर ठेवायला, 8 जीबीचा. त्याच्यावरच प्रणाली टाकली, तर बारीकसारीक फाइली लिहिताना तो अडकतो आणि ब्राउझर उघडायलाही ताटकळावं लागतं. एसएसडी मात्र यूएसबी 3 च्या पोर्टमधून चालतानाही आतल्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षा चपळ वाटते. केबल आखूड घ्या. सैल केबल चालू कामात निसटली, तर सगळं जागीच गोठतं.

सुरुवातीला विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप पूर्ण बंद न करता लवकर सुरू करण्याची सोय) बंद करा. नाहीतर मिंटमधून विंडोजच्या फाइली फक्त वाचता येतात, त्यांत बदल करता येत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल, तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मग पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून तो निवडा: डेल, लेनोव्होला एफ12, एचपीला एफ9.

मिंटचा इन्स्टॉलर चुकतो तो पुढच्या पायरीवर. बूटलोडरसाठी (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) बाहेरची डिस्क निवडली, तरी यूईएफआय मशीनवर, म्हणजे जुन्या बायोसऐवजी नवी व्यवस्था असलेल्या लॅपटॉपवर, तो आतल्या डिस्कचं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा छोटा कप्पा) शोधतो आणि ग्रब, म्हणजे मिंटचा बूटलोडर, तिथे नेऊन ठेवतो. परिणाम असा की एसएसडी काढून लॅपटॉप सुरू केला, की काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. विंडोज शाबूत असतं, बूट मेनूतून उघडतंही, पण घरातल्या इतरांना ते कसं कळणार? ही खोड उबुंटूकडून आलेल्या इन्स्टॉलरची, बरीच जुनी आहे, आणि इतक्या चांगल्या प्रणालीत ती अजून राहावी याचं वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड हा डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्राम उघडा, आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरचे 'बूट' आणि 'ईएसपी' हे दोन्ही फ्लॅग (खुणा) काढा. बाहेरच्या डिस्कवर जीपीटी प्रकारचा पार्टिशन-तक्ता करून 512 एमबीचं फॅट32 पार्टिशन बनवा, त्याला तेच फ्लॅग द्या. उरलेली जागा मिंटसाठी, एक्स्ट4 या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडून ही दोन पार्टिशनं दाखवा. काम संपल्यावर, रीस्टार्ट करण्याआधी, आतल्या डिस्कचे फ्लॅग परत लावायचे. हे विसरू नका.

हीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपवरही चालावी असं वाटत असेल, तर मिंटमध्ये गेल्यावर टर्मिनलमध्ये ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा 'रिमूव्हेबल' पर्यायासह एकदा चालवा. त्याने बूटलोडर ईएफआयमधल्या बूट फोल्डरात, म्हणजे कोणतंही मशीन आपणहून शोधतं त्या जागी बसतो. अशा फिरत्या डिस्कवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर मात्र टाकू नये.

पुन्हा विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकलेलं दिसेल. मिंट मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने मिंटलाही स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की झालं. ब्रॉडकॉमच्या चिपचं वायफाय पहिल्यांदा बंदच असू शकतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवा.

मराठीची सोय चांगली आहे: देवनागरी नीट दिसते, आणि कीबोर्डच्या यादीत मराठीचा कागपा फोनेटिक आराखडा तयार मिळतो. 4 जीबी रॅम असेल तर मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन आवृत्तीऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.