मोफत पोकर टुर्नामेंट आठ महिने खेळल्यावर : तीन पत्तीची सवय कुठे नडते

आखाजीला पत्ते कुटत मोठा झालेला खान्देशी गडी मोफत एंट्रीच्या पोकर टुर्नामेंटमध्ये बसला, की पहिल्या वीस मिनिटांत बाहेर पडतो. त्याला बाहेर काढते ती तीन पत्तीची सवय. आठ महिने, आठवड्याला चार-पाच टुर्नामेंट या हिशोबाने खेळल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. म्हणून या अनुभवात अॅपच्या दिसण्यापेक्षा खेळण्याच्या पद्धतीवर जास्त लिहितो.

एक गोष्ट आधी. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. इथे जे आहे ते फक्त पॉइंटवर, एक रुपयाही न भरता चालणाऱ्या टेक्सास होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे सामाईक पाच) टुर्नामेंटबद्दल. ‘एंट्री फुकट’ म्हणून आत घेऊन नंतर चिप्स वाढवायला किंवा बक्षीस सोडवायला पैसे मागणारी लिंक आली, तर तिथेच थांबा. टेलिग्रामवर आलेली फाइल तर फोनमध्ये घालूच नका.

आता पत्त्यांची उतरंड. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यांच्या वर, मग प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे लागोपाठ पत्ते), सिक्वेन्स (नुसते लागोपाठ) आणि त्याखाली कलर (नुसता एकच रंग). पोकरमध्ये पाच पत्त्यांचा हात धरतात आणि क्रम बदलतो: कलर सिक्वेन्सला मारतो, आणि तीन सारखे पत्ते म्हणजे आपली ट्रेल या दोघांच्याही खाली जाते. एक्का-दुर्री-तिर्री हा तीन पत्तीत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यांत लहान. टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते उघडे पडलेले असताना सिक्वेन्स घेऊन ऑल-इन जाणारे, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावणारे, रोज दिसतात. ‘ब्लाइंड’ हा शब्दही फसवतो. पोकरमध्ये ती न बघता केलेली चाल नसते. डीलर बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर हाताला पुढे सरकणारी खूण) डावीकडच्या दोघांना पत्ते वाटण्याआधी सक्तीने भरावी लागणारी रक्कम म्हणजे ब्लाइंड; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड.

पहिला अर्धा तास. समजा 3000 चिप्स मिळाल्या आणि ब्लाइंड 10/20 आहे, म्हणजे हातात 150 बिग ब्लाइंड आहेत. घाई कसलीच नाही. तरी टेबलावरचे तीन-चार जण दर हाताला ऑल-इन टाकतात, कारण खिशातून काही जात नाही. त्यांच्याशी बरोबरी करायची नाही. पत्ते बघा, टाकून द्या; दहापैकी आठ हात टाकले तरी चालतात.

खेळायचं ते मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा, आणि तेही मोठ्या रेजने, म्हणजे लावलेली रक्कम वाढवून. इतरत्र 3 बिग ब्लाइंडची रेज पुरते, इथे तिला पाच जण कॉल करतात, म्हणजे तेवढेच भरून आत राहतात. म्हणून 5-6 बिग ब्लाइंड, आणि आधी नुसतं कॉल करून आत आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक. याचं कारण हिशोबात आहे. एक्क्यांची जोडी कुठल्याही पत्त्यांच्या एका माणसासमोर सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. तिघांसमोर 64 टक्के, आणि समोर पाच जण असले तर जेमतेम 49. नफा तरीही तुमचाच आहे, पण टुर्नामेंटमध्ये गेलेल्या चिप्स परत मिळत नाहीत. ही जोडी येते 221 हातांत एकदा. ती गर्दीत हरवायची नाही.

लहान जोड्यांचा सगळ्यांत जास्त फायदा याच टप्प्यात होतो. फ्लॉपवर (मधले पहिले तीन पत्ते उघडतात तेव्हा) तिसरा तसाच पत्ता लागण्याची शक्यता सुमारे 12 टक्के, म्हणजे आठ-साडेआठ वेळांत एकदा. दोघांच्याही चिप्सच्या 5 टक्क्यांपर्यंत रक्कम जात असेल तर कॉल करा. लागला तर समोरचा एका एक्क्यावर सगळं देऊन टाकतो. नाही लागला तर लगेच सोडा. आणि या अर्ध्या तासात ब्लफ नको, अगदी एकही नको. जो फोल्डच करत नाही, म्हणजे पत्ते टाकतच नाही, त्याला घाबरवता येत नाही.

कलरच्या आशेवर किती भरायचं, हाही नेहमीचा घोळ. चार पत्ते झाले आणि एक हवा असेल, तर उपयोगी पत्ते नऊ राहतात. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर नऊला चारने गुणा, एकच बाकी असेल तर दोनने: 36 आणि 18. खरे आकडे 35 आणि साडेएकोणीसच्या आसपास, म्हणजे अंदाज कामापुरता बरोबर. पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्समध्ये) 900 असताना कोणी 300 लावले, तर 1500 च्या एकूण पॉटसाठी तुम्ही 300 देता. 20 टक्के संधी हवी, एकच पत्ता बाकी असेल तर कॉल जवळपास बरोबरीत पडतो. त्याने 900 लावले तर 33 टक्के लागतात. मग एका पत्त्यासाठी कॉल करणं चूक आहे, कितीही हात शिवशिवले तरी.

मधला टप्पा बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते टुर्नामेंट इथेच कमावली जाते. दुपारी नाव नोंदवून रात्री न आलेले खेळाडू इथपर्यंत टेबलावर शिल्लक असतात. अॅप त्यांचे ब्लाइंड भरतं आणि हात आपोआप फोल्ड करतं. असे गैरहजर तुमच्या डावीकडे बसले असतील, तर बटण तुमच्याकडे येईल तेव्हा दोन्ही ब्लाइंड बेवारस असतात. बाकीच्यांनी पत्ते टाकले, की 2 बिग ब्लाइंडची साधी रेज पुरते. ते उजवीकडे असतील तर हा फायदा दुसरा कोणी घेतो. त्याच्यावर नजर ठेवा.

शेवटाकडे अँटी (दर हाताला प्रत्येकाने भरायची रक्कम) सुरू होते आणि गणित बदलतं. ब्लाइंड 500/1000, अँटी 100, नऊ खेळाडू. पत्ते वाटण्याआधीच पॉटमध्ये 500, 1000 आणि 900 मिळून 2400 पडलेले असतात. तुमच्याकडे 10000 असतील तर चार फेऱ्यांत बसल्याबसल्या संपाल. एक चोरी, म्हणजे सगळ्यांना फोल्ड करायला लावून हा पॉट उचलणं, यशस्वी झाली तर चिप्स 24 टक्क्यांनी वाढतात. म्हणून 10 बिग ब्लाइंडच्या खाली अधलंमधलं काही नाही: ऑल-इन किंवा फोल्ड. पहिल्या जागेवरून (सगळ्यांआधी पाळी असेल तेव्हा) सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. बटणावर सगळे फोल्ड करून आले तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-दश्शी आणि वरचे. नेटवरच्या तयार तक्त्यांत छक्की-सत्तीसारखे एका रंगाचे लागोपाठचे पत्तेही असतात. ते तक्ते समोरचा शहाणपणाने फोल्ड करेल असं धरून केलेले आहेत. मोफत टुर्नामेंटमध्ये कॉल येतोच, आणि मग मोठा पत्ताच कामाला येतो. हे कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

बक्षीस म्हणून पुढच्या टुर्नामेंटची तिकिटं असतील तर आणखी एक फरक. 10 सारखी तिकिटं, 11 खेळाडू उरलेत आणि तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत. तुमच्याइतक्याच चिप्सवाल्याने ऑल-इन टाकला, तर एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड करा. पहिल्या आणि दहाव्याला एकच तिकीट मिळतं. बक्षीस चढतं असेल तर मात्र असा बचाव करू नका, पहिल्या तीन जागांसाठी खेळा.

फोनबद्दल. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा चार्जिंग लावून खेळलेला फोन तापतो, स्क्रीन मंद होते आणि बटण उशिरा दाबलं जातं. आधी पूर्ण चार्ज करून मग बसा. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की वीज जाते, वायफाय बंद पडतं. मोबाइल डेटा आधीच चालू ठेवा. नेट तुटल्यावर बहुतेक अॅप हात फोल्ड करतात, राखीव वेळ पंधरा-वीस सेकंदांत संपतो. रेजच्या पट्टीपेक्षा आकडा टाइप करणं बरं. पट्टीवरून बोट घसरून ऑल-इन गेलेलं पाहिलं आहे.

निवडताना नोंदणीच्या पानावर लेव्हल (ब्लाइंड एकदा वाढल्यावर पुन्हा वाढेपर्यंतचा वेळ) किती मिनिटांची आहे ते आधी बघा. तीन मिनिटांची असेल तर वर लिहिलेल्यातलं शेवटच्या टप्प्याचंच उपयोगी पडेल. आठ मिनिटं किंवा जास्त असेल तर नाव नोंदवा आणि अडीच-तीन तास मोकळे ठेवा.